सहा नावं, पाच माणसं

इजाजतीचा कागद घरात येऊन आठ दिवस झाले होते. आठ दिवसांत अनंतराव वकिलांनी तो इतक्यांदा उघडला आणि मिटला की घड्यांवर तो विरत चालला. दरवेळी त्यांना वाटे, शेवटचं कलम आपण मागच्या खेपेला घाईत वाचलं असेल. दरवेळी ते कलम तिथंच असे.

त्या साली हैदराबाद संस्थानातल्या नांदेडात चार माणसं जमवायची तर कोतवालीला विचारावं लागे. लग्नमुंजीचं निराळं. पण पंचवीस वर्षांपूर्वी हैदराबादेच्या कॉलेजातून एका वर्गात पास झालेल्या मित्रांनी पुन्हा एका दुपारी जेवायला बसायचं, हे लग्नात बसत नव्हतं की मुंजीत. बोर्डिंगच्या गच्चीवर त्यांनी तसं ठरवून ठेवलं होतं. विशीतल्या पोरांना पंचवीस वर्षं म्हणजे कधी येणारच नाहीत असं वाटतं, म्हणून ती अशी वचनं देतात. दुसरा कुणी असता तर सत्यनारायण आहे असं सांगून मोकळा झाला असता. अनंतरावांनी रीतसर अर्ज केला.

अर्जाला नावांची यादी जोडायची होती. त्यांनी ट्रंकेतून कॉलेजची जुनी यादी काढली आणि सहाच्या सहा नावं उतरवली. पहिलं स्वतःचं. मग हदगावचे उद्धव मास्तर, चाकूरचे मन्मथअप्पा, उदगीरला मुन्सिफ असलेले गौस मोहियुद्दीन. पाचवे उदगीरचेच शरणप्पा. ते महिन्यापूर्वी पटकीनं गेले होते, म्हणून त्यांच्या नावापुढं ‘मरहूम’. आणि सहावं नाव लातूरच्या सिद्धेश्वरांचं. सिद्धेश्वर म्हणजे सरोजिनीबाईंचे सख्खे थोरले भाऊ. दिवाळीपासून ते सरकारविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या कँपात होते आणि त्यांच्या नावाचं वारंट निघालेलं होतं.

सरोजिनीबाईंनी एकदाच विचारलं होतं, दादाचं नाव कशाला घातलंत. अनंतराव म्हणाले, गाळलं असतं तर तोच संशय झाला असता. आणि यादी म्हणजे यादी. त्या पुन्हा कामाला लागल्या. बावीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळलं होतं, की काही माणसांना दमा असतो तसा आपल्या नवऱ्याला कायदा आहे.

इजाजत मिळाली. शेवटच्या कलमात लिहिलं होतं, की अमीनसाहेब, म्हणजे कोतवालीचे फौजदार, स्वतः बसून हजेरी घेतील आणि ज्या इसमाचा जवाब येणार नाही त्याचा ठावठिकाणा घरमालक बयान करील.

घरात हे कलम सगळ्यांना पाठ झालं होतं. रेणुकादासांना मात्र त्या कागदात आणखी एक गोष्ट दिसली होती आणि ती त्यांनी आठ दिवस कुणाला सांगितली नव्हती.

रेणुकादास हे अनंतरावांचे धाकटे भाऊ, तहसिलीत कारकून. त्यांच्या उर्दू अक्षरासाठी तालुक्याचे लोक अर्ज घेऊन येत. थोरल्या भावाच्या अर्जाची साफ नक्कल त्यांनीच केली होती. नमुन्यात रकाने चार होते: नाव, बापाचं नाव, पेशा, राहण्याचं ठिकाण. ‘मरहूम’ला रकाना नव्हता. रेणुकादासांनी शरणप्पांच्या पेशाखाली ‘तिजारत’, म्हणजे व्यापार, असं वळणदार लिहिलं आणि पुढं गेले. एकोणीस वर्षांच्या नोकरीत रकान्याबाहेर त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. कोतवालीनं शिक्का मारून परत पाठवलेल्या यादीत मेलेला माणूस जिवंत बसलेला पाहिला, तेव्हा त्यांनी तो कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. सरकारात खोटी यादी. खाली अक्षर त्यांचं.

---

त्या दिवशी सकाळपासून उन्हानं अंगण भाजत होतं. सरोजिनीबाई पाट्यावर पुरण वाटत होत्या आणि आक्का, म्हणजे अनंतरावांच्या विधवा थोरल्या बहीण कावेरीबाई, चुलीपुढं बसून त्यांच्या वाटण्याला नावं ठेवत होत्या. या दोघींचं स्वयंपाकघरावरून वैर जुनं होतं. आज मात्र आक्कांच्या बोलण्यात जोर नव्हता. मुन्सिफसाहेबांचं पान ओसरीवर वेगळं मांडायचं, हे तेवढं त्यांनी दोनदा बजावून सांगितलं, सवय.

हदगावच्या मोटारीनं उद्धव मास्तर आले ते एकटे नव्हते. कपाळभर भस्म फासलेला, खांद्यावर घोंगडं टाकलेला एक वाळकासा माणूस त्यांच्यामागून परसदारानं आत शिरला आणि हौदापाशी पाय धुवायला लागला. आधी डावा धुतला, मग उजवा, मग पुन्हा डावा. सरोजिनीबाईंचा वरवंटा थांबला. आई यावरून ज्याला लहानपणी ओरडायची असा एकच माणूस त्यांना ठाऊक होता.

“दादा,” त्या हळूच म्हणाल्या, “तुला माझा निरोप मिळाला न्हाई का? येऊ नको म्हणून?”

“मिळाला की. म्हणून तर आलो.”

सिद्धेश्वर उंबऱ्यात टेकले आणि जेवणाची वेळ विचारावी इतक्या साध्या आवाजात सगळं सांगून गेले. उद्धवनं कलम त्यांना शब्दाला शब्द सांगितलं होतं. आपण आलो नाही तर ठावठिकाणा अनंताला विचारणार. अनंताला खोटं बोलता येत नाही. तो ततपप करणार आणि ते त्याला घेऊन जाणार. हदगावकडच्या दोघांना मागच्या महिन्यात नुसतं विचारायला म्हणून नेलं होतं. त्यांची विचारपूस अजून चालूच होती आणि घरच्यांना भेटू देत नव्हते.

“माझं नाव आलं की मी हाजिर म्हणणार. झालं. तुझं घर सुटलं.”

“आणि तू?”

सिद्धेश्वरांनी हात पुढं केला. गुळाचा खडा मागितला. सरोजिनीबाईंनी तो दिला तेव्हा त्यांची बोटं पुरणानं भरलेली होती. लातूरला कुसुमवहिनी तुझी वाट बघत बसली आहे, असं त्या म्हणाल्या. सिद्धेश्वर म्हणाले, तिला आत्ताच काही कळवू नको, सावकाश सांग.

“पुरुषांचं बरं असतं,” आक्का चुलीकडं बघतच बोलल्या. “हाजिर म्हटलं की सुटले. मागं राहणारीला कुणी पुकारत न्हाई.”

सिद्धेश्वर हसले. मग घोंगडं झटकून बैठकीत मित्रांना भेटायला गेले, आणि बाहेरून मन्मथअप्पांचा, कुणीतरी तोंडावर हात ठेवून अर्ध्यात दाबलेला, आनंदाचा आवाज आला.

सरोजिनीबाई उठल्या त्या सरळ रेणुकादासांच्या खोलीच्या दाराशी गेल्या. गेल्या दसऱ्यापासून त्या या दिराशी नीट बोलल्या नव्हत्या. वहिनीचा भाऊ या घरात दोन रात्री राहिला तर माझी नोकरी राहणार नाही, असं तो तेव्हा म्हणाला होता, आणि दादा त्याच संध्याकाळी निघून गेला होता. त्यानंतर त्या त्याला ताट वाढत, पण आणखी काय हवं ते विचारत नसत. आज त्या दाराशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “भावजी, काहीतरी करा. तो स्वतःहून सापडायला आलाय.”

रेणुकादासांचा चेहरा पाहून त्यांना वाटलं, याच्याकडं दया मागणं म्हणजे आजाऱ्याकडून पाणी मागणं. पण रेणुकादासांनी एकदम ती आठ दिवसांची गोष्ट सांगून टाकली. यादीत शरणप्पा जिवंत आहेत. माझ्या हातून झालं.

सरोजिनीबाई उंबरा ओलांडून आत आल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे एक नाव रिकामं आहे.”

दोघांनी सिद्धेश्वरांना परसात बोलावून घेतलं. ते ऐकून त्यांनी मान हलवली. शरणप्पा म्हणून बसलो तर मी वाचेन, पण पुढचंच नाव माझं. सिद्धेश्वर कुठंय, हे अनंतालाच विचारणार. गोष्ट तिथंच येते. “भावजी,” ते रेणुकादासांना म्हणाले, आणि त्यात दसऱ्याचा राग नव्हता, “तुमचं अक्षर चांगलं आहे. अक्षरानं भागत असतं तर काय पाहिजे होतं.”

रेणुकादास पाण्याचा तांब्या घेऊन बैठकीत गेले. गौससाहेबांना पेला देताना, दुसरं काही सुचेना म्हणून, यादीत शरणप्पा जिवंत आहेत ही गोष्ट त्यांनी त्यांच्या कानात पुटपुटली. मुन्सिफसाहेबांनी पेला रिकामा केला, मिशा पुसल्या आणि आणखी पाणी मागितलं. एवढंच. रेणुकादासांना वाटलं, यांना ऐकूच आलं नाही.

---

बैठकीत पाचजण होते आणि पंचवीस वर्षांचं बोलायचं होतं, पण गप्पा सारख्या विझत होत्या. मन्मथअप्पा आपल्या परीनं ओढत होते. उद्धव बोर्डिंगात झोपेत भूमिती बडबडायचा, गौसनं एकदा वॉर्डनच्या घोड्याला नाव ठेवलं होतं ते वॉर्डनचंच, हे सगळं त्यांनी काढलं. सगळे हसत, मग सगळ्यांचं लक्ष रस्त्याकडं जाई. शरणप्पाची आठवण कुणी काढली नाही. सिद्धेश्वर गौससाहेबांच्या शेजारी, भिंतीला टेकून, डोळे अर्धे मिटून बसले होते. भस्मामुळं ते शरणप्पांसारखे लिंगायत वाणी वाटत होते.

अनंतराव त्यांच्याकडं बघत नव्हते. परसदारानं कोण आलं हे त्यांना कळलं होतं, आणि कळल्यापासून ते मनातल्या मनात ‘ठावठिकाणा माहीत नाही’ हे वाक्य घोकत होते. तीन शब्द. दरवेळी ते ‘माहीत’पाशी अडखळत होते. समोर बसलेल्या माणसाचा ठिकाणा माहीत नाही असं कसं म्हणायचं? शिवाय सिद्ध्याच हाजिर म्हणणार असेल तर म्हणायची वेळही येणार नाही. आणि यात आपल्याला थोडं हायसं वाटतंय, हे लक्षात येऊन त्यांना स्वतःची किळस आली.

अमीनसाहेब आले ते एका जवानाला दारात उभा करून. तेलंगणातून नुकतेच बदलून आलेले होते, इथलं कुणी त्यांच्या ओळखीचं नव्हतं. माणूस मवाळ होता. खुर्चीवर बसताना माफी मागितली, पाणी घेतलं, घाम पुसला. वारंटावर सिद्धेश्वरांची या घराशी सोयरीक नोंदलेली होती आणि वर्णन होतं: रंग गव्हाळ, बांधा मध्यम, वय पंचेचाळीसच्या आत-बाहेर. एवढ्यात अर्धा मराठवाडा बसला असता. त्यांनी ते वाचून घडी करून खिशात ठेवलं आणि यादी काढली.

अनंतरावांनी आपल्या नावाला जवाब दिला. उद्धव मास्तरांचा आवाज इतका बारीक निघाला की त्यांना दोनदा पुकारावं लागलं. मन्मथअप्पा हाजिर. गौससाहेबांच्या नावाला अमीनांनी अर्धवट उठून आदाब केला.

“शरणप्पा वल्द बसप्पा.”

तेव्हा कुठं अनंतरावांच्या ध्यानात आलं की यादीत ‘मरहूम’ नाही; आठ दिवस त्यांनी शेवटच्या कलमाखेरीज काही नीट वाचलंच नव्हतं. आणि त्या भल्या माणसाचं तोंड आपोआप उघडलं. सरकारी कागदात चूक दिसली की ती दुरुस्त करायची, हे त्यांच्या रक्तात होतं. ‘साहेब, ते तर’ इथवर शब्द ओठांवर आले.

“अरे शरणप्पा,” गौससाहेब मोठ्यानं म्हणाले, “जवाब तो दे. तब भी क्लास में सोता था, आज भी सो रहा है.”

त्यांचा हात सिद्धेश्वरांच्या मनगटावर होता. सिद्धेश्वरांनी डोळे उघडले. काही क्षण ते गौससाहेबांकडं बघत राहिले. आता नाही म्हणायचं तर एक मुन्सिफ अमीनासमोर खोटा पडत होता, आणि तो कशासाठी खोटं बोलला हेही उघडं पडत होतं. दाराबाहेर उभ्या रेणुकादासांना ते क्षण पुढं कित्येक वर्षं मोजता आले नाहीत.

“हाजिर,” सिद्धेश्वर म्हणाले.

अमीनांनी यादीवर खूण केली. अनंतरावांचं उघडं तोंड मिटलं.

“सिद्धेश्वर वल्द गोविंदराव.”

 अमीनांनी यादीवरून मान वर केली आणि घरमालकाकडं पाहिलं. अनंतरावांना तिन्ही शब्द आठवेनात.

“फौत,” गौससाहेब म्हणाले.

“जी?”

“फौत हो गए. पिछले महीने. उदगीर में हैजा था, उसी में.” अमीनांनी विचारलं, आपल्याला कसं माहीत. “मय्यत में मैं खुद गया था.”

यातलं एकेक अक्षर खरं होतं. फक्त ज्याच्याबद्दल ते खरं होतं तो माणूस दुसरा होता. कोर्टाच्या खुर्चीवर बसून दुसऱ्यांचं खोटं तोलण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी आपलं पहिलं खोटं इतक्या काटकसरीनं केलं.

अमीनांनी लिहायला हात उचलला. फरारी मेला तर त्यांचंही एक काम कमी होत होतं. पण त्यांनी मान जराशी वर केली आणि वास घेतला. आतून वेलदोड्याचा, गुळाचा, तुपाचा वास येत होता.

“सिद्धेश्वर तो इस घर के साले होते हैं,” ते सावकाश म्हणाले. “साले को मरे महीना हुआ, और घर में मीठा पक रहा है?”

गौससाहेब म्हणाले, खबर मीच आज घेऊन आलोय. जेवणं होईपर्यंत थांबलो होतो. मरणाची खबर भरल्या पानावर देत नाहीत. तुमच्याकडंही हाच रिवाज असेल.

“है,” अमीन म्हणाले. त्यांनी यादी मांडीवर ठेवली. “तो अब बता दीजिए. मैं बैठा हूँ.”

---

दाराच्या पडद्यामागं सरोजिनीबाईंनी सगळं ऐकलं होतं. बाहेर कोण उठतंय याची त्या वाट बघत होत्या. नवरा उठणार नाही हे त्यांना माहीत होतं.  उठले ते रेणुकादास. ते तांब्यासकट स्वयंपाकघराच्या दारात आले. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता, पण आवाज मात्र बैठकीत ऐकू जाईल असा निघाला.

“वहिनी, सिद्धेश्वरराव गेले. उदगीरला. मागच्या महिन्यात.”

आता रडायचं. एवढंच काम होतं. गावात इतकी मरणं झाली, परक्यांच्या दारात त्या रडून आल्या होत्या.  पडद्याच्या फटीतून दादाचा पाय दिसत होता, डावा, टाचेला भेगा पडलेला. जित्या माणसासाठी रडू नये, आई सांगायची; यमाला घर सापडतं. त्यांनी तोंड उघडलं आणि नुसता श्वास बाहेर आला.

 बैठकीत खुर्ची करकरली. अमीन उठत होते.

रेणुकादासांनी वहिनीकडं पाहिलं, आक्कांकडं पाहिलं. मग ते सोवळ्याओवळ्याचा विचार न करता आत शिरले, कोपऱ्यातली पाण्याची घागर दोन्ही हातांनी उचलली आणि चुलीवर पालथी केली.

लाकडं फुसफुसली. राख, वाफ आणि धूर छतापर्यंत उसळला. तव्यावरची पोळी भिजून लोळागोळा झाली, पुरणाच्या पातेल्यात राखेचं पाणी गेलं.

“सुतकाच्या घरात चूल पेटत न्हाई, वहिनी,” ते हळूच, जवळजवळ माफी मागितल्यासारखं म्हणाले.

विझलेली चूल पाहिली आणि सरोजिनीबाईंचा घसा फुटला.

त्या काय बोलून रडल्या ते त्यांना नंतर आठवलं नाही. बाहेर बसलेल्या पाचांनी आणि अमीनांनी ते ऐकलं. माझ्या माहेरच्या वाटेवर आता कोण उभं राहील. मला गाडीत बसवून मागं वळून न बघता कोण जाईल. दिवाळीला ताम्हण घेऊन बसले होते रे, निरांजन विझलं तरी तू आला नाहीस. दिवाळीपासूनचं सगळं साठलेलं त्यात होतं. प्रत्येक मोटारीच्या आवाजाला उठून बसण्याचं, प्रत्येक कुजबुजीला कान देण्याचं. ते खोटं रडणं नव्हतं. म्हणूनच आक्का, ज्या यात सामील व्हायला म्हणून पुढं झाल्या होत्या, त्या घाबरल्या आणि भावजयीला दोन्ही हातांनी धरून बसल्या.

सिद्धेश्वर आपल्यासाठी चाललेलं रडणं ऐकत बसले. शरणप्पाच्या चेहऱ्यानं बसणं त्यांना भाग होतं. मन्मथअप्पांच्या डोळ्यांतून खरंच पाणी वाहत होतं. कोणत्या मित्रासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

अमीनांनी यादीवर सहाव्या नावापुढं काहीतरी लिहिलं. उभं राहून अनंतरावांना सबुरीचे दोन शब्द सांगितले, आणि ते मनापासून होते. मग म्हणाले, मातमाच्या घरात जलसा होत नाही. आपण सगळ्यांनी आता आपापल्या गावी निघावं, हे मला सांगावं लागतंय याचं वाईट वाटतं. लातूरच्या कोतवालीला उद्याच्या टपालानं लिहितो. तिथला जवान घरी जाऊन बेवेकडून, म्हणजे विधवेकडून, मरणाची तस्दीक करून घेईल, की वारंट खारिज.

ते मात्र लगेच गेले नाहीत. सगळे निघेपर्यंत ओसरीवर उभे राहिले, गौससाहेबांसाठी वेगळ्या मांडलेल्या रिकाम्या पानाशेजारी.

म्हणून निरोप त्यांच्यादेखत झाले. उद्धव मास्तर घाईघाईनं पायऱ्या उतरले. गौससाहेबांनी अनंतरावांचा हात धरला आणि एवढंच म्हणाले, की पंचवीस वर्षांपूर्वी गच्चीवर अक्कल असती तर पन्नास ठरवली असती. मागून सिद्धेश्वर आले. घरातल्या बाईचा भाऊ गेलाय, नवऱ्याच्या मित्रानं दोन शब्द न बोलता जाणं बरं दिसलं नसतं. ते दारात थांबले. सरोजिनीबाई राखेच्या चिखलात बसल्या होत्या.

“वहिनी,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. “फार वाईट झालं.”

सरोजिनीबाईंनी मान वर केली नाही. केली असती तर सगळं संपलं असतं. त्यांनी फक्त पदर ओढून घेतला, परक्या पुरुषासमोर ओढतात तसा. सकाळपासून दादा गुळाच्या एका खड्यावर होता आणि त्याला आता पाण्याचा घोटही देता येत नव्हता. भस्म लावलेला माणूस पायऱ्या उतरून हदगावच्या मोटारीकडं चालू लागला. अमीनांच्या शेजारून गेला. अमीनांनी त्याला वाट दिली.

---

आडाचं गार पाणी ओढून सरोजिनीबाईंनी डोक्यावरून घेतलं. नेसत्या लुगड्यासकट. आक्का म्हणाल्या होत्या, शेजारीपाजारी रडणं ऐकून आलेत, न्हाणीपाशी बायका उभ्या आहेत, अंघोळ करावी लागेल. पहिल्या तांब्याला त्यांचे दात वाजले. दादा मोटारीत बसला असेल. दुसरा तांब्या. कँपाच्या वाटेवर कुणी ओळखलं तर? तिसऱ्या तांब्याला हात तसाच वर राहिला.

कुसुमवहिनी.

उद्याचं टपाल. परवा लातुरात कागद. मग दारात जवान, आणि समोर कुंकू लावलेली, हातभर चुडा भरलेली दादाची बायको. ती म्हणेल, कोण गेलं? आणि हे सगळं, गौसभाईंचं बोलणं, भावजींची घागर, तिच्या एका प्रश्नानं उघडं पडेल. अमीन परत येतील. आणि या खेपेला मवाळ नसतील.

ओल्या अंगानं त्या आत आल्या आणि त्यांनी हे बोलून दाखवलं. अनंतराव भिंतीला टेकून बसले होते. कागदावर लिहून पाठवू म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांनाच कळलं की कागद टपालात फोडतात. रेणुकादास उभे राहिले. ते म्हणाले, मी जातो. मन्मथअप्पांची मोटार चारला निघते, त्यांच्याबरोबर चाकूरपर्यंत, तिथून रातोरात लातूर. रजेचा अर्ज नंतर लिहीन. एकोणीस वर्षांत त्यांनी रजा घेतली नव्हती आणि अर्जाशिवाय तर कधीच नाही.

“तू सोबतीला चल,” आक्का म्हणाल्या. “सांगायला मी जाते.”

अनंतराव म्हणाले, आक्का, मोटारीचा प्रवास, हे ऊन, रस्त्यावरचे दिवस कसले आहेत. आक्कांनी तोवर आपलं दुसरं आलवण, विधवेचं तांबडं लुगडं, काढून गाठोड्यात बांधायला घेतलं होतं.

“रेणू काय सांगेल तिला? तुझा नवरा जिता हाय, पण कुंकू पूस? बांगड्या फोड? पुरुषाच्या तोंडून कुणी ऐकंल हे?” त्यांनी गाठ आवळली. “हे पुसलेलीनंच सांगावं लागतं. मला एकोणिसाव्या वर्षी सांगायला जी आली होती तिला धड सांगता आलं न्हाई. मी नीट सांगेन.”

सरोजिनीबाई ओल्या केसांनी उभ्या होत्या. सुतकात होत्या, आक्कांना शिवायचं नव्हतं. तरी त्यांनी आक्कांचा हात धरला. आक्कांनी तो सोडवून घेतला नाही.

“तिला म्हणावं, हे खोटं आहे. दादा आज इथं होता, माझ्या हातून त्यानं गूळ खाल्लाय, असं सांगा. तिला पटेल ना, आक्का?”

“पटेल. पहिले आठ-दहा दिवस पटेल.” आक्कांनी गाठोडं काखेला मारलं. “मग शेजारणी येतील. जवान येऊन जाईल. ती रोज आरशात बघंल. मग हळूहळू पटेनासं होईल.”

“मग?”

“मग पुन्हा जाईन,” आक्का म्हणाल्या, आणि रेणुकादासांना पुढं घालून उन्हात उतरल्या.